पोळ्याचा उरलेला रंग

अक्का, आज सकाळपासून मी तुमचं कपाट सोलते आहे.

सोलते म्हणजे अगदी कातडं सोलावं तशी. फुटक्या आरशाची काच घेतली, हातात धरायच्या बाजूला चिंधी गुंडाळली, आणि पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं तासतात तशी दाराची फळी तासायला बसले. रंगाच्या साली निघतात आणि मांडीवर पडतात. वर तांबडा, त्याच्या पोटात निळा, त्याच्या पोटात हिरवा, मग पुन्हा तांबडा, मधेच कुठल्या तरी वर्षीचा पिवळा. सगळे शिंगांचे रंग. माझी नात सायली पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन दारात उभी. म्हणाली, आजी, घासायचं मशीन भाड्यानं मिळतं, बाबा आणतील. मी म्हटलं, मशीनला राग येत नाही, मला येतो, आणि हे काम रागाचं आहे.

तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी गंमत करते.

राग तुमच्यावरच आहे. जवळजवळ पन्नास वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंनी आपण दोघी जावा भांडलो. आणि ऐन वेळी, माझी बोलायची पाळी आली, तेव्हा तुम्ही मान टाकून मोकळ्या झालात. हे काय भांडणाऱ्या बाईचं लक्षण झालं?

तुम्हाला शेवटची अंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. डावा दंड चोळताना मला माझे दात दिसले. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, चुलीवर आधी कुणाचं पाणी तापायचं यावरून आपण झोंबलो होतो. तुम्ही माझी वेणी मनगटाला दोन वेढे देऊन ओढत होता आणि मी तुमच्या दंडाचा लचका तोडायला निघाले होते. ती खूण इतक्या सुरकुत्यांत अजून शाबूत. शेजारणी पदर तोंडात धरून रडत होत्या आणि मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, मी हुंदका दिला. बरं झालं. मग तुमचा उजवा हात वळवला. तळव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला तो आडवा व्रण. त्या हाताची बोटं पुढं कधी पुरती मिटलीच नाहीत. मी त्यावर पाणी घालत होते, आणि मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, हाच तो हात, कुऱ्हाडीचा.

माझं हसू तिथंच मेलं.

कुऱ्हाडवाली. तामलवाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरलेल्या पाहुण्यानं तुमचं नाव विचारलं तर लोक आधी विचारायचे, कोण, कुऱ्हाडवाली का? दिराच्या डोक्यात कुऱ्हाड घालणारी बाई. तुमच्या शोभाची दोन स्थळं या एका नावावर मोडली. तिसरं लांब सास्तूरला जमलं, तिथवर हे नाव पोचलं नव्हतं म्हणून. ते मागाहून पोचलं. एकदा कशावरून तरी शोभाच्या सासूनं तिला भरल्या अंगणात म्हटलं, तुझ्या आईच्या वळणावर जाऊ नको, आमच्या घरात कुऱ्हाडी उघड्यावर असतात. शोभा माहेरी येऊन तुमच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. ज्वारी निवडत होते मी. खडे बाजूला काढत होते, अगदी नीट.

दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भात वाळायला लागला, कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. शोभानं हात जोडून काय काय कबूल केलं. सण करीन, वर्षश्राद्ध करीन, सगळ्यांशी धरून राहीन. कावळे ढिम्म. तेव्हा माझा दत्ता, माझा शहाणा लेक, सगळ्यांचा ताण हलका करायला म्हणाला, "कुऱ्हाड ठेवा की म्होरं, काकू लगीच ईल." माणसं हसली. शोभा हसली नाही. तिनं दत्ताकडं पाहिलं आणि मग का कोण जाणे, माझ्याकडं पाहिलं.

तुम्हाला काय पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं, निदान तसं मला वाटत होतं. तेच बोलायला मी तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं ते असं, अक्का, कपाटाला रंग मी देईन, दर वर्षीसारखा. बोलून मी ओठ मिटेपर्यंत एक कावळा उतरला. लोक म्हणाले, बघा, बाईचा जीव कपाटात अडकला होता. मी म्हटलं, मेला कावळासुद्धा तुमच्यासारखाच निघाला, अर्ध्या बोलण्यावर भागवून घेणारा.

म्हणून ही काच, आणि हे सोलणं.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. ऐकून घ्या. इतक्या वर्षांत ती मी एकदाही तोंडाबाहेर काढलेली नाही, आणि पहिल्यांदा काढायची तर चूक काढणारं माणूस समोर असलेलं बरं.

तेव्हाची मी तुम्हाला आठवते का? मला आठवते, आणि आठवली की हात शिवशिवतात. एकोणीस-वीस वर्षांची, पाचवा महिना लागलेला, तरी दिवसातून चार वेळा पावडर लावणारी. तुमच्या माहेराहून आलेल्या या सागवानी कपाटाला आतून आरसा होता. त्या आरशावर तिचा डोळा. तिला स्वयंपाक धड येत नव्हता, शेतातलं काम तर त्याहून नको. पण नक्कल यायची. सासूची, सरपंचाची, तुमची, शेळीची. बायका हसल्या की तिला वाटायचं, आपल्याइतकी हुशार बाई तालुक्यात दुसरी नाही.

जत्रा होऊन दोन दिवस झाले होते. तुमचे दीर, म्हणजे माझा नवरा, डाव्या हाताचे पैलवान म्हणून आसपास नावाजलेले. त्या जत्रेत एका पोरसवदा गड्यानं त्यांना हां हां म्हणता चितपट केलं होतं. दोन दिवस ते जेवताना मान वर करत नव्हते. आणि ही शहाणी दुपारच्या वेळी, चुलीपुढं तुम्हाला त्यांची कुस्ती करून दाखवत होती. हातात पळी. मांडी थोपटली, दंड थोपटला, मग पाय वर करून शेणानं सारवलेल्या भुईवर आडवी झाली आणि डोळे पांढरे केले. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, नक्कल जमली नाही, म्हणून मी ती पुन्हा केली. तुम्ही माझ्या मागं बघत होता.

ते दारात उभे होते.

मी आजही सांगते, माणूस ओरडला असता तर मी घाबरले नसते. ते ओरडले नाहीत. भिंतीला टेकवलेली जळण फोडायची कुऱ्हाड त्यांनी उचलली, अगदी रोजच्यासारखी. तुम्ही माझ्या कमरेत लाथ घातलीत. पोटुशा बाईच्या कमरेत लाथ. मी उलटून मधल्या खोलीत जाऊन पडले. केसांना धरून तुम्ही मला फरपटत कपाटापर्यंत नेलं, खालच्या अंथरुणाच्या कप्प्यातल्या गोधड्या बाहेर फेकल्या, मला दुमडून आत कोंबलं आणि दार लावून कडी घातली. हे सगळं एका दमात. आत अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि गुडघे हनुवटीला लागलेले. खरं सांगू? त्या वेळी माझ्या मनात काय होतं? आपल्या लुगड्याला शेण लागलं, हे. तिला आज कुणी माझ्यासमोर आणून उभी केली तर मी तिच्या कानाखाली आधी आवाज काढीन, मग बोलेन.

मग फळी फुटली. कुऱ्हाडीचं पातं दारातून आत आलं, माझ्या कानापासून दोन बोटांवर. फटीतून उजेड आला, आणि पातं मागं गेल्यावर तो उजेड डोळ्यात घुसला. पातं दुसऱ्यांदा आलं नाही. बाहेर झटापट, कुणाचं तरी डोकं कपाटावर आदळलं, मी त्याच्यासकट हादरले. तुमचा एकच आवाज आला, कुत्र्याच्या पेकाटात लाथ बसावी तसा. ती तुमच्या तळव्याची वेळ. त्यांनी दुसरा घाव उगारला आणि तुम्ही पातंच धरलंत. मग धप्प असा एक आवाज, आणि मग सगळं शांत. कुऱ्हाड त्यांच्या हातून हिसकावून तुम्ही तुंब्याच्या बाजूनं, बोथट बाजूनं, त्यांच्या डोक्यात घातली होती.

कडी काढून तुम्ही मला बाहेर ओढलंत, आणि पाठोपाठ घर माणसांनी भरलं. लोकांनी काय पाहिलं? माझा नवरा जमिनीवर, कपाळातून रक्त. कुऱ्हाड तुमच्या हातात. तुमचं लुगडं रक्तानं भिजलेलं, ते रक्त तुमचं स्वतःचंच होतं, पण रक्तावर कुणाचं नाव असतं? सासूनं माझे खांदे धरून गदागदा हलवले. काय झालं, बोल.

मी म्हटलं, "अक्कानं मारलं."

एवढंच. यात खोटा शब्द एकही नव्हता. अक्का, मी कितीतरी वर्षं स्वतःला हेच समजावत होते. मारलं तर तुम्हीच होतं की. पुढचं मागचं लोकांनी लावून घेतलं, मी फक्त लावू दिलं, आणि शुद्धीवर आल्यावर तुमच्या दिरांनीही. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही पदर फाडलात आणि हाताला गुंडाळलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घेऊन बसलात. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हातानं भेगा बुजवायची लांबी मळत होता, कणीक मळावी तशी. ती कपाटाच्या चिरेत दाबून बसवली. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग होता, तो वरून लावला. मी चुलीपाशी बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा हिला, डोकी फुटली, अन् हिला कपाटाची पडली.

दुपारी माझा थोरला भाऊ आला. तो तेव्हा नळदुर्गला वखारीत लाकडं फोडायचा, बरोबर दोन गडी, हातात काठ्या. बहिणीच्या नवऱ्यावर जावेनं कुऱ्हाड चालवली असं ऐकून आला होता. त्यानं तुम्हाला काय काय शिव्या दिल्या ते मी तोंडातून काढत नाही. कपाटालासुद्धा लाज वाटेल. काठी तुमच्या तोंडापुढं नाचवली. तुम्ही त्याला पाणी दिलंत. पाणी पिताना तो कपाटाला टेकला, आणि त्याच्या सदऱ्याला ओला तांबडा रंग लागला. त्यावरूनही त्यानं तुम्हाला शिवी दिली.

मग घराच्या वाटण्या झाल्या. वडीलधारे बसले, मधे भिंत घालायची ठरली, तुम्ही आणि भाऊजी पलीकडं, आम्ही अलीकडं. कपाट तुमच्या माहेरचं, तुम्ही ते नेणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. आणि मी आतल्या आत आरशासाठी तळमळत होते, हो, तेव्हासुद्धा. तुम्ही म्हणालात, कपाट तिच्याकडंच राहू द्या, हलवलं की खिळखिळं होईल. "पर दर पोळ्याला रंग म्या दीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय." माणसं हसली. एवढ्यावर बाई सुटली म्हणून त्यांना बरंच वाटलं.

तेव्हापासून दर पोळ्याला, बैल मिरवून आले की तुम्ही उरलेल्या रंगाची वाटी घेऊन अलीकडं यायचा. लांबी उन्हाळ्यात वाळायची, आपल्या इकडच्या उन्हात लाकूडच आक्रसतं, आणि चीर पुन्हा तोंड उघडायची. तुम्ही ती खरवडून नवी भरायचा, वरून रंग. माझ्याशी एक शब्द नाही. मी शेजारच्या बायकांना सांगायचे, आली बघा, माझ्या कपाटावर आपला शिक्का मारायला. आणि आत जाऊन मात्र भांडी आपटायचे. कारण मला पक्कं वाटायचं की तुम्ही मला टोचायला येता. वर्षातून एकदा, ठरवून, त्या चिरेपुढं मला बसवायला येता, मी काय बोलले ते विसरू नये म्हणून. याहून मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

म्हणून मीही सोडलं नाही तुम्हाला. तुमच्या कोंबड्या उकिरड्यावर आल्या की दगड मारला. तुमच्या वाळवणावर पाणी सांडलं. एकदा तुम्ही चीर भरत असताना मी मागून रंगाची वाटी लाथेनं उडवली. निळा रंग तुमच्या पाठीवर सांडला. तुम्ही पाठीवरचा रंग बोटांनी निपटून काढलात आणि तोच दाराला लावलात.

हेही सांगायला पाहिजे की त्या दिवसानंतर तुमच्या दिरांनी माझ्यावर हात उगारला की भिंतीपलीकडून आवाज यायचा. ठक. ठक. कुऱ्हाडीचा दांडा भिंतीवर. ते हात खाली घ्यायचे. हळूहळू आवाज चढला तरी ते आधी भिंतीकडं बघायचे. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले का? मी एकदा जेवताना त्या ठकठकीची नक्कल केली, त्यांना हसवायला. ते हसले नाहीत. तेवढं एक बरं.

दत्ता तीन वर्षांचा होता. अंगणात काठी घेऊन कोंबड्यांच्या मागं धावत होता आणि तुम्ही त्याच्याकडं बघत उभ्या होता. तुम्ही मला हाक मारलीत, वाटण्यांनंतर पहिल्यांदा. म्हणालात, "पोरगं डावखुरं निघालं गं." एवढं बोलून आत गेलात. मी चार घरी सांगितलं, जाऊ माझ्या लेकराला नावं ठेवते, दृष्ट लावते. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्या पोळ्याला तुम्ही चिरेत दुप्पट लांबी भरलीत आणि रंगाचे दोन हात दिलेत. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि माझ्या टकुऱ्यात काही शिरलं नाही.

भूकंप झाला त्या सकाळी सगळं गाव रानात बसलं होतं. आपल्याकडं घरं पडली नाहीत, पण माळवदाला भेगा गेल्या होत्या, आणि कुणी आत पाऊल टाकायला तयार नव्हतं. शोभा सास्तूरला, तिकडची काहीच खबर नाही. आणि अशा वेळी तुम्ही उठून माझ्या घरात शिरलात. दत्ता, तेव्हा मिसरूड फुटलेला, ओरडत तुमच्या मागं जायला निघाला. तुम्ही आतून आरोळी दिलीत, आत आलास तर तंगडी तोडीन. बाहेर आलात तेव्हा हाताला लांबी. हादऱ्यानं चीर उघडी पडली होती, ती भरून आलात. मी म्हटलं, कपाटासाठी जीव देणार ही बाई. संध्याकाळी शोभा सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा तुम्ही त्याच लांबीच्या हातानं तोंड झाकून रडलात. गालाला पांढरं लागलं होतं. ते मी पुसलं. त्या दिवशी आपण भांडलो नाही, एवढंच आठवतं.

मग बैल गेले, ट्रॅक्टर आला. पोळ्याला मातीचे बैल. उरलेला रंग कुठून येणार? तरी तुम्ही डबी घेऊन हजर. मी विचारलं, आता कुणाच्या शिंगातून उरलाय हा? "तुझ्या," म्हणालात.

तुमचे दीर गेले, त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागला. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. पण दत्ताचा बापावर जीव. रोज सकाळी फोटोला हात जोडून शेतात जाणारा लेक. त्याला काय सांगू? आणि कसं? बघता बघता तुम्ही अंथरूण धरलंत. शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी बसले, तुमचा तो न मिटणारा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. म्हटलं, अक्का, त्या दिवशी मी… तुम्ही डोळे उघडलेत. म्हणालात, "औंदाचा रंग आणून ठिवलाय. कोनाड्यात हाय." आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, उद्या बोलू.

आज काच चालवताना तीन प्रहर उलटले. चिरेपाशी आले तेव्हा लांबी एकच सबंध तुकडा होऊन बाहेर पडली, पडलेल्या दातासारखी. इतक्या वर्षांनी घाव उघडा. त्याच वेळी दत्ता चहाला आला. आधी हसला. म्हणाला, हा काकूचा प्रसाद व्हय? बापाला मारायला गेली आन् कपाटाला लागली?

मग तो वाकला. तोही रोज लाकडं फोडतो, माझ्या भावासारखाच. घाव वर डावीकडं सुरू होऊन खाली उजवीकडं उतरला होता. त्यानं बोट फिरवलं. मग उजवा हात रिकामाच उगारला आणि सावकाश खाली आणला. तो घावाला आडवा गेला. मग डावा उगारला, सावकाश खाली आणला. तो घावात बसला.

तेव्हा मला कळलं, अक्का. इतक्या वर्षांनी, काचेनं कापलेली बोटं तोंडात घालून बसलेल्या मला तेव्हा कळलं. माझ्या भावाला एक नजर पुरली असती. त्यानं त्याच दुपारी माझ्या नवऱ्याला विहिरीत घातलं असतं आणि स्वतः तुरुंगात गेला असता. आणि दत्ता. पोरानं बापाचा हात ओळखू नये, त्यातही स्वतःचाच हात ओळखू नये, म्हणून तुम्ही भूकंपाच्या भेगेखाली जाऊन उभ्या राहिलात. तुम्ही मला टोचायला येत नव्हता. झाकायला येत होता.

"आई," दत्ता म्हणाला, "काकू डावखुरी हुती का?"

"न्हाय."

"मग?"

मी सवयीची बाई. खोटं ओठांपर्यंत तयार होतं, तेही खऱ्याच शब्दांचं. दत्ता वर फोटोकडं बघत होता. सायली डबा खाली ठेवून माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, आजी, तू कुठं होतीस तेव्हा?

मी अंथरुणाच्या कप्प्यावर हात मारला. "हितं. आन् तुजा बाप माझ्या पोटात." मग दत्ताला सांगितलं. तुमच्या हाताबद्दल, पात्याबद्दल, मी बोललेल्या दोन शब्दांबद्दल. सगळं सांगून झाल्यावर ते दोन शब्द पुन्हा उच्चारले आणि या वेळी पुरते केले. "अक्कानं मारलं, म्हणून आमी दोघं वाचलाव."

दत्ता उठला. बाहेर गेला. मागच्या अंगणात बाभळीचा ओंडका पडला आहे, त्यावर घाव पडायला लागले. पण आवाज चुकीचा येत होता. मी जाऊन पाहिलं. तो उजव्या हातानं फोडत होता. घाव लागत नव्हते, कुऱ्हाड सटकत होती, ढलप्या तोंडावर उडत होत्या, एकदा पातं पायाच्या नखाशी रुतलं. तरी डाव्या हातात घेईना. मी थांब म्हटलं नाही. तो हक्क मला नव्हता. बऱ्याच वेळानं कुऱ्हाड टाकून आला, माझ्यावर फुत्कारला, की दहाव्याला मी ते बोललो, शोभाताईसमोर बोललो, आणि तू बसून ऐकलंस. शिवी त्याच्या ओठांवर आली होती. ती आईला द्यायची म्हणून त्यानं गिळली. दिली असती तरी चाललं असतं. मग पाणी पिऊन म्हणाला, "शोभाताईला कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी.

तुमच्या कोनाड्यातली डबी काढली. तांबडा आहे यंदा. सायलीचा पांढरा तसाच राहू दे. सगळं कपाट मी रंगवलं, दोन्ही दारं, कडा, पाय. घाव तेवढा कोरा ठेवला. लांबी भरली नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, येडे, भर ते. आपलं भांडण इथून पुढं यावरच चालू राहील. मी ऐकणार नाही.

उद्या टेम्पो सांगितला आहे. कपाट सास्तूरला जाणार, शोभाच्या दारी, जिचं आहे तिच्याकडं. दत्ता चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल, मी मागं, कपाटाला धरून. ते उतरवलं की शोभाला आधी घाव दाखवीन, मग सांगीन. ती मला हाकलेल, वेणी धरून अंगणात ओढेल, तिची सासू, दीर, सगळी वाडी बघेल. तिचा हक्क आहे. वेणी आता बोटभर उरली आहे, पण धरायला पुरेल.

आणि अक्का, या वेळी मला आत ढकलायला तुम्ही नाही. आज रंग देताना सहज पाहिलं. त्या कप्प्यात आता मी मावतही नाही. बाहेरच उभी राहीन.